चंद्री म्हैस आणि बक्षिसाचं पातेलं

आमच्या कळसाडीत कानावर आलेली गोष्ट एकटी राहत नाही. तिचं शेपूट शोधायला निघावं तर चार दुसऱ्याच गोष्टी पदरात पडतात.

यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीच्या दिवशी मी नंदुरबारला बहिणीकडे मिरच्यांचे देठ खुडत होते. दुसऱ्या दिवशी परतले आणि दळण घेऊन थेट चक्कीवर गेले. तिथे शेजारची सिंधूबाई सांगत होती, "सुकलालसंगे खेळाले येल पहिलवान चित झाया ना! अन् बक्षीसनं पातेलं कोनले भेटनं, माहीत शे का? ते ते..."

तेवढ्यात चक्की सुरू झाली. मी काही थांबले नाही; दळण तिथेच ठेवून निघाले. सुकलाल जिंकला, असं वाटेतल्या घरोघरी सांगत आले.

*

सुकलाल म्हणजे आमच्या शेजारच्या वसंतआप्पांचा सालदार. सातपुड्यातला पोरगा, म्हशी सांभाळतो. कुस्ती त्याने कधी खेळलेली नाही. पलीकडच्या गावच्या यात्रेत तो आप्पांबरोबर नुसती बघायला गेला होता. तिथे शिरपूरकडचा एक आडदांड पहिलवान हात वर करून मैदानात फिरत होता. त्या हाताला जो हात लावेल, त्याने कुस्ती धरली, असा रिवाज.

सुकलालने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि "राम राम" केला.

"माले वाटनं, इलेक्शनना उमेदवार शे," तो नंतर म्हणाला.

कुस्ती आमच्या यात्रेत ठरली. आता माघार घेतली तर गावाची लाज!

*

आप्पांना मात्र वेगळाच घोर. त्यांची चंद्री म्हैस सुकलालशिवाय कोणाला धार काढू देत नाही. त्याला काही झालं तर सगळ्या गल्लीचं दूध बंद.

"तुन्हं मुंडकं गयं तरी चाली," आप्पा त्याला रोज बजावायचे, "हात सांभाळजो."

*

खुराक म्हणून चंद्रीचं दूध सुकलाललाच पाजायचं ठरलं. गल्लीत सगळ्यांकडे काळा चहा सुरू झाला. माझ्याकडे जावई आला, त्यालाही तोच दिला.

"मामी, दूध नाही का?"

"आहे, पण ते कुस्ती खेळणार आहे," मी म्हटलं.

*

लंगोट शिवला गादीवाल्या अन्वरचाचांनी. लाल कापड मिळेना, म्हणून लग्नाच्या मंडपाचं उरलेलं गुलाबी सॅटिन घेतलं. त्याची झालर तशीच राहिली.

"चाचा, ही झालर काढा ना," सुकलाल रडकुंडीला आला.

"राहू दे बेटा. समोरचा झालर बघत राहील, तेवढ्यात तू पाय धर."

*

खबरदारी म्हणून आप्पांनीही धार काढायचा सराव केला. चंद्रीला वास ओळखीचा यावा म्हणून सुकलालचा जांभळा शर्ट अंगात घातला आणि त्याच्यासारखी शीळ वाजवली. चंद्रीने शर्ट हुंगला. मग मान वळवून आप्पांच्या मिशा बघितल्या आणि बादलीवरच बसली.

*

दळण न्यायला परत गेले तेव्हा चक्की थांबली होती, आणि दंगलीचं सगळं मला सिंधूबाईने सांगितलं. सुकलालने पहिलवानाचे पाय असे धरले, जसे म्हशीचे बांधायला धरतो. "हो माय, हो, उभी राह्य," असं म्हणत त्याची पाठही थोपटली. पहिलवानाला हसू आवरेना आणि सुकलाल काही पाय सोडेना. शेवटी अंधार पडायला लागला, तशी कुस्ती बरोबरीत सोडवली. पातेल्याचे दोन तुकडे होणार कसे? पंच आप्पाच, म्हणून ते त्यांच्याकडेच राहिलं.

आणि सुकलालच्या हाताचा अंगठा मुरगळला.

*

मग पहिलवान चित कधी झाला, ते विचारायला तशीच दळण घेऊन मी आप्पांच्या गोठ्यात गेले. सुकलाल अंगठ्याला हळद बांधून बसलेला; त्यानेच सगळं सांगितलं. पहिलवान आप्पांकडेच मुक्कामाला होता. सकाळी चंद्री हंबरायला लागली, तेव्हा "मन्हामुये आंगठा गया, मीच दोही देस," म्हणत त्याने जांभळा शर्ट चढवला होता. वरची दोन बटणं तिथेच तुटली. बादली घेऊन तो खाली बसला. चंद्रीने मागचा पाय एकदाच उचलला.

पहिलवानाचे दोन्ही खांदे शेणात. आप्पांनी वाकून नीट पाहिलं आणि पंचाची शिट्टी फुंकली.

मी पोचले तेव्हा चंद्री नव्याकोऱ्या पितळी पातेल्यात सरकी खात होती. पहिलवान खाटेवर बसून शर्टाला बटणं लावत होता.

"आप्पा, पातेलं म्हशीला?" मी विचारलं.

"मी काय सांगू? त्यालेच इचार. पाठ टेकनी का नहीं?"

पहिलवानाने दोरा दाताने तोडला.

"टेकनी," तो म्हणाला. "पन पुढला साले परत जोड लावा. मी मन्हा शर्ट घालीसन येस."