वापर नसल्यामुळे बंद

आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीला रबरबँड आहे. सोफ्यावर चादर, ती मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर. फडताळात काचेच्या कपबशा आहेत, त्या कुणातरी फार मोठ्या पाहुण्याची वाट बघताहेत. तेवढा मोठा पाहुणा मी पारनेरला राहायला आल्यापासून तरी आलेला नाही. हे सगळं खातं सासूबाईंचं. जिथं नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात त्यांचा जन्म गेला, तेव्हा जपून ठेवणं हा त्यांचा स्वभावच. माझं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. "नदीकाठची मानसं तुमी, तांब्याचं काम बादलीनं करता," असं त्या मला सुरुवातीला ऐकवायच्या. मग मी सुधारले. जरा जास्तच सुधारले, आणि त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

मी आधी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. मुलगी झाली, त्याच सुमाराला नवऱ्याला इथल्या हायस्कुलात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याचं बिऱ्हाड आवरून आलो. नोकरी थोडे दिवस म्हणून सोडली होती. बघता बघता आठ वर्षं गेली. यंदा मी हिय्या करून पुण्याच्याच एका कंपनीत अर्ज केला, घरून करायच्या कामासाठी. दोन फेऱ्या पार पडल्या. शेवटच्या मुलाखतीसाठी त्यांनी काम दिलं: छोट्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची यंत्रणा बनवायची आणि त्यांच्यासमोर चालवून दाखवायची.

ती बनवायची होती ट्रायल एन्व्हायर्न्मेंटमध्ये. म्हणजे इंटरनेटवर महिनाभर फुकट मिळणारी सरावाची जागा. तिथं हवं ते बांधायचं, मोडायचं, पुन्हा बांधायचं. महिना झाला की जागा बंद.

ही नोकरी मला हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण त्याहून जास्त, मला अजून काही येतं का हे मलाच बघायचं होतं. आठ वर्षांत कुणी मला कामाचं काही विचारलं नव्हतं. गॅसचा नंबर लावलास का, एवढंच विचारलं होतं.

दवाखाना डोळ्यांसमोर होताच. आमच्या डॉक्टरांकडे पेशंटपेक्षा पिशव्या जास्त बसतात. लोक सकाळी येऊन बाकावर पिशवी ठेवतात, पिशवी नसेल तर छत्री, छत्री नसेल तर चप्पल, आणि बाजाराला निघून जातात. पिशवीचा नंबर आला की शेजारची पिशवीवाली ओरडते. हे सगळं मी कॉम्प्युटरवर मांडत गेले. मुलगी शाळेत गेली की बसायचे ते पार तिच्या येण्यापर्यंत. आठवडाभरात सगळं उभं राहिलं, आणि सुरेख उभं राहिलं. रंगसुद्धा मी मन लावून निवडले होते.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहायच्या.

"लई झ्याक दिसतंय. झालं का?"

"झालं."

"मंग आता हात लावू नको. उगं बिघडंल कायतरी."

तेवढ्यात कंपनीनं मुलाखत पुढं ढकलली. महिना संपायला अजून बरेच दिवस होते, त्यामुळे काळजी नव्हती. मला झालेल्या कामात खुडबूड करायची वाईट खोड आहे, म्हणून सासूबाईंचं म्हणणं मला पटलंही. नवऱ्यानं त्यात भर घातली. "मोबाईलचा डेटा कसा, वापरला की संपतो. तुझं ते ट्रायल पण राहू दे मुलाखतीपुरतं." असं काही नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याला हसलेसुद्धा. पण उघडलं मात्र नाही. सासूबाईंनी लॅपटॉपवर धुतलेला टॉवेल घातला, आणि आम्ही तिघांनी मिळून तो जपला.

मुलाखत दुपारी होती. सकाळी मुलीला शाळेत पाठवून मी टॉवेल बाजूला केला आणि ती जागा उघडली. पडद्यावर एकच वाक्य होतं. वापर नसल्यामुळे हे खाते बंद करण्यात आले आहे.

मला वाटलं, पत्ता चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग मी त्यांच्या अटी शोधून काढल्या. इतक्या बारीक अक्षरात होत्या की वाचताना नाक काचेला लागलं. मुदत महिन्याची खरी, पण मध्ये सलग काही दिवस कुणी आत आलंच नाही, तर जागा आधीच बंद होते आणि आतलं सगळं पुसलं जातं. आम्ही वापरलं असतं तर ते टिकलं असतं. जपलं म्हणून गेलं.

"काय झालं गं?" सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या.

माझा राग माझ्या आधी बोलतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "काय व्हायचंय? हात लावू नको, हात लावू नको! कपबशा जपायच्या, चादरी जपायच्या. मलासुद्धा आठ वर्षं फडताळात ठेवलंत तुम्ही!"

हे खोटं होतं. नोकरी सोडायचं माझं मीच ठरवलं होतं, त्यांनी कधी अडवलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"आता काय करायचं त्ये सांग."

करायचं एवढंच होतं, की नवी जागा घेऊन सगळं पहिल्यापासून बांधायचं. पण माझ्या ईमेलवर आणि मोबाईल नंबरवर दुसरी ट्रायल मिळेना. नवरा परीक्षेच्या सुपरव्हिजनला, त्याचा फोन बंद. राहिल्या सासूबाई. त्यांचा मोबाईल घेताना दुकानदारानं त्यांचा ईमेल काढून दिला होता, तो त्यांनी अर्थातच कधी वापरला नव्हता. तो नशिबानं चालू होता. मी त्यांच्या नावानं अर्ज भरला. त्यांच्या मोबाईलवर टुण्ण वाजलं.

"आई, आकडा सांगा."

"कंचा?"

"आत्ता आला तो. ओटीपी."

त्यांनी मोबाईल छातीशी धरला. "त्यो सांगायचा नसतो. ब्यांकेतल्या सायबानं बजावून सांगितलंय. पोटच्या पोरालाबी सांगू नका म्हनला."

"अहो, मी तुमची सून आहे!"

"पोराला सांगायचा न्हाई, तर सुनंला कसा सांगू?"

माझी मुलाखत बुडत होती, नोकरी हातची जात होती, आणि ही बाई बँकेच्या सायबाचा शब्द पाळत होती. मला रडू यायला हवं होतं. मला हसू फुटलं. इतकं की मी टेबलावर डोकं ठेवलं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. लॅपटॉप स्वतःकडे वळवला, मला पाठमोरी बसवलं आणि एका बोटानं एकेक आकडा शोधत टाकला. "वळू नको," असं दोनदा म्हणाल्या.

जागा मिळाली. रिकामी.

मग मी बसले. आणि काय सांगू, हात चालायला लागले. पहिल्या वेळी ज्या गोष्टीसाठी अख्खा दिवस डोकं खाजवलं होतं, ती आता चहा निवायच्या आत होत होती. रंगबिंग सोडून दिले. सासूबाई दारात स्टूल टाकून बसल्या. कुणी आलं की हातानंच परत पाठवत होत्या. भिशीवाल्या आल्या, त्याही परत गेल्या. मी जेवले नाही, त्याही जेवल्या नाहीत.

मुलाखतीची वेळ झाली तेव्हा निम्म्याच्या थोडं पुढं काम झालं होतं. समोर पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, वर कोपऱ्यात हे नाव कुणाचं?"

"माझ्या सासूबाईंचं," मी म्हटलं, आणि मग सगळंच सांगून टाकलं. टॉवेल, डेटा, ओटीपी, सगळं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या बाई इतक्या हसल्या की त्यांनी आपला आवाज बंद केला, पण चेहरा दिसतच होता. गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, "बरं. पेशंट नंबर लावून निघून गेला, तर तुमची यंत्रणा काय करते?"

हा भाग जुन्या कामात होता, नव्यात राहिला होता. मी म्हटलं, थांबा, दाखवते. आणि त्यांच्यासमोरच बांधायला घेतला. आमच्याकडे पेशंट कुठं जातो, तर बाजारात जातो, मग त्याचा नंबर रद्द न करता खाली सरकवायचा, आणि त्याला मोबाईलवर निरोप जायला हवा. बोलता बोलता ते झालंही. निरोप त्या गृहस्थांच्या मोबाईलवर गेला तेव्हा मात्र ते हसले.

शेवटी बाईंनी तो प्रश्न विचारलाच. "आठ वर्षांचा खंड आहे. भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "आज सकाळी तर खूप वाटली. वापर नसल्यामुळे बंद, हे वाक्य माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. पण मग कामाला बसले आणि कळलं, की मी बंद नव्हते पडले."

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. हो म्हणाले. मी मेथीची जुडी हातात घेऊन उभीच राहिले. सासूबाईंनी तोंडावरूनच ओळखलं. मी त्यांना म्हटलं, "आई, परवा मी फार वाईट बोलले तुम्हाला."

"बोललीस," त्या म्हणाल्या. जुडी माझ्या हातातून घेतली आणि पानं खुडायला लागल्या. "कवापास्नं जायचं?"

"जायचं नाही, घरातूनच करायचंय. सोमवारपासून, दहा ते सहा."

त्यांनी दहा ते सहा असं एकदा पुटपुटून पाहिलं.

सोमवारी मी पुढच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल घेतलं आणि कामाला लागले. अकराच्या सुमाराला शेजारच्या काकू पिठाची चाळण मागायला आल्या. दारातून मी त्यांना दिसत होते, त्या मला दिसत होत्या. मधे चार हातांचंही अंतर नव्हतं. काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "सूनबाई, जरा चाळण देतीस का गं?"

सासूबाई लगबगीनं आतून आल्या आणि माझ्या नि दाराच्या मधे उभ्या राहिल्या.

"ती घरात न्हाई," त्या म्हणाल्या. "कामावर गेलीया."