दहापैकी नऊ

खिळेमामांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसे, खिळे असत. चालले की खुळखुळत, म्हणून ते नाव. सरकारी जंगलातल्या सहलीच्या एका जागेची राखण ते सव्वीस वर्षं करत होते. बारा बाकं, दोन नळ आणि दरीवर लाकडी सज्जा. नवी फळी मागितली की कचेरीतून उत्तर येई, ‘विचाराधीन’. मामा म्हणत, "त्यांचा विचार होईपर्यंत मी खिळा मारतो."

मी त्याच कचेरीचा पाहणी करणारा माणूस. जुन्या जागा सुधारायच्या म्हणून चाळीस जागांना गुण द्यायला मला पाठवलं होतं. ज्या जागेला कमी गुण, तिची दुरुस्ती आधी. मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आपलीच परीक्षा आहे. आठवडाभर खपून त्यांनी सगळं रंगवून काढलं. मामींनी बाकं घासली, वर माझ्यासाठी डबाही आणला. मी तो मिटक्या मारत खाल्ला.

मग सज्ज्याखाली उतरलो. खांब तपासायला आमच्याकडे टोचा असतो, तो जमिनीलगत खुपसून बघायचा. धड लाकडात टोक अडतं. तिसऱ्या खांबात ते मुठीपर्यंत गेलं.

वरून मामा वाकून बघत होते. "कसा वाटतोय साहेब? हिरवा रंग मीच निवडला."

"छान आहे," मी म्हणालो आणि दहापैकी नऊ लिहिले.

मामा, इथे नापास व्हाल तरच दुरुस्ती होईल, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून जीभ रेटेना. पुढच्या फेरीत बघू म्हटलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड माझी आणि भीक त्यांच्या पदरात.

यादीत ती जागा चाळिसावी आली. दीड वर्षाने तिथे शाळेची सहल यायची होती. मुलं येण्याआधी सज्ज्यावर स्वतः उड्या मारून बघायची मामांची सवय. त्या सकाळी तिसरा खांब बसला. मामा खाली गेले आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मग बैल गेला नि झोपा केला. पंधरा दिवसांत नव्या सज्ज्याला मंजुरी. चौकशीत मी सांगितलं, पाहणीच्या वेळी खांब ठीक होता. धडधडीत खोटं बोललो, आणि साहेबांनी मान डोलावली.

नवा आराखडा दाखवायला मी मामांच्या घरी गेलो. बाकं कुठे हवीत हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? खरं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती. खाटेच्या वर भिंतीला पाहणीच्या कागदाची त्यांना दिलेली प्रत चौकटीत लावलेली. माझ्याच अक्षरात, दहापैकी नऊ.

मामा उठून बसू लागले. मी नको नको म्हणतोय तोवर त्यांनी हात जोडले.

"साहेब, माफ करा. तुम्ही एवढ्या विश्वासाने नऊ दिलेत, आणि दीड वर्षात मी खांब कुजू दिला. माझ्यापायी तुमची चौकशी झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोचा माझ्या पिशवीतच होता. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "जाऊ द्या मामा. तुमची काही चूक नाही."

मामींनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाल्या, "मन मोठं आहे हो तुमचं."

मी पाणी प्यायलो.