सासू मागच्या सीटवर

लुताया आमच्या यार्डातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, आणि त्याचं काम सगळ्यात चमत्कारिक. आम्ही बाकीचे गाड्या धुऊनपुसून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. टाकून दिलेल्या गाड्या परत आणायचं काम त्याचं. कंपालात येऊन लोक टपावर तंबू बांधलेली गाडी भाड्यानं घेतात. आपली आपण चालवत केनिया, टांझानिया, रवांडा करतो म्हणतात, जनावरं बघतो म्हणतात. निम्मे बघून येतात. बाकीच्यांतलं कुणी तापानं पडतं, कुणा नवराबायकोचं वाटेत भांडण लागतं आणि दोघं दोन विमानांनी घरी जातात. गाडी राहते तिकडंच, झाडाखाली, माकडांच्या ताब्यात. मग मालक लुतायाला हाक मारतो. लुताया पिशवीत चपात्या टाकतो, बसनं जातो आणि गाडी घेऊन येतो. कुठली वाट कधी बंद असते ते त्याला विचारावं. स्टिअरिंगच्या चाकावर ठेवलेले त्याचे हात बघावेत, फावड्यासारखे रुंद, आणि दगडावर ठेवल्यासारखे गप्प.

असल्या माणसाला भीती एकाच गोष्टीची होती. सासूची.

आमच्या गांडा लोकांत जावयानं सासूचं तोंड बघायचं नसतं. तिला शिवायचं तर नसतंच. वाटेत समोरासमोर आले तर एकानं केळीच्या बागेत शिरायचं. बोलायचं असलं तर भिंतीआडून. हे मोडलं की ओबुको धरतो, म्हणजे हात थरथरायला लागतात ते मरेपर्यंत थरथरतात. शिकलेली पोरं यावर हसतात. पण हसणाऱ्यांतला एकही सासूच्या शेजारी जाऊन बसलेला मी पाहिला नाही. लुतायाचा काका सेंगेंडो शिंपी होता. एका लग्नात गर्दीत तो सासूच्याच बाकावर बसला म्हणे. पुढं त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून द्यायची. लुतायानं हे लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. ड्रायव्हरचे हात गेले की राहिलं काय? म्हणून लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो सासरी ओसरीच्या पुढं गेला नव्हता.

त्याचा मेव्हणा सेम्पाला कॅनडात असतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो आला तो एकच ध्यास घेऊन, की आईला जनावरं दाखवायची. म्हातारीचा जन्म केळीच्या बागेत गेला. हत्ती तिनं नोटेवर सुद्धा नीट बघितला नसेल. सेम्पालानं आमच्याच यार्डातून गाडी घेतली, आईला मागं बसवलं आणि गेला केनियातून सेरेंगेटीला. तिथं एका सकाळी टपावरच्या तंबूतून उतरताना शिडी निसटली आणि पठ्ठ्याचं मनगट मोडलं. त्यानं लुतायाला फोन लावला.

“दाजी, ये बाबा. गाडी न्यायला ये.”

“मामी कुठं हायत?”

“आईला बसनं लावून दिलं मी. चर्चची माणसं भेटली, त्यांच्यासंगं.”

लुताया गेला. कॅम्पात पोचून बघतो तर सेम्पाला गळ्यात हात बांधून उभा, आणि बाभळीच्या बुंध्यामागं आमच्या बायका कमरेला पट्टा बांधून घालतात त्या झग्याची खांद्यावरची उभी टोकं आणि डोक्यावरून ओढलेलं फडकं. लुतायानं तिथल्या तिथं पाठ फिरवली.

“खोटारड्या! त्या कोण हायत झाडामागं?”

“खरं सांगितलं असतं तर तू आला असतास का?”

“मी चाललो चालत.”

“जा की. सिंहाच्या घरी जेवायला जाशील, फक्त ताटात बसून.”

झाडामागून म्हातारीचा आवाज आला. ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. “माझ्या पोटी गाढव जन्मलंय हे मला त्याच्या बापानं आधीच सांगितलं होतं.”

दुसरी सोय नव्हती. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधोमध लेसो, म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळतात ते कापड, पडद्यासारखा बांधला, लाल फुलांचा. म्हातारी मागं डाव्या बाजूला बसली. सेम्पाला पुढं बसला. एवढ्यावर लुतायाचं समाधान होईना. आरशात चुकून तिचं तोंड दिसलं तर? त्यानं आरसा वर छताकडं फिरवून टाकला. बाजूचे दोन होते ते चिखलानं माखलेले. ते पुसले नाहीत, तेवढीच आणखी आडकाठी.

वाट काळ्या मातीची. कोरडी असली तर लोखंड, भिजली तर लोणी. आदल्या रात्रीचा पाऊस खाली मुरलेला. एका वळणावर हत्तींचा कळप वाटेत उभा, पिलं मधे. मोठ्या हत्तिणीनं कान पसरले. लुतायानं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. आरसा छत बघतोय, मागं लेसो, आणि मागची वाट बघून सांगायची ज्याची जबाबदारी तो सेम्पाला एका हातानं फोनवर हत्तींचं चित्र घेतोय. मागचं डावं चाक वाटेकडेच्या चरात गेलं ते धप्पकन. गाडी कलंडून राहिली.

हत्ती निघून गेले. थोड्या वेळानं जंगलखात्याची पिकअप आली. मागं सिमेंटचे पाइप लादलेले, पुढं एकाच माणसाची जागा. रेंजर म्हणाला, “दोर तुटंल, ट्रॅक्टर पाहिजे. ज्याच्या नावावर गाडी हाय त्यानं चौकीवर येऊन मागायचा. बाकीच्यांनी खाली उतरायचं न्हाई. काय वाट्टेल ते झालं तरी न्हाई.”

“मामींना पाठव त्यांच्यासंगं,” लुताया सेम्पालाला हळूच म्हणाला.

“आई ट्रॅक्टर मागणार? तिला स्वाहिली येते का?” असं म्हणून सेम्पाला चढून बसलासुद्धा. “हा गेलो, हा आलो!”

पिकअप वळणामागं गेली. गाडीत आता दोघंच. लुतायानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि काचेबाहेर बघत बसला. मागं म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. ओसरी नाही, भिंत नाही, केळीची बाग नाही. फक्त एक लाल फुलांचं फडकं, तेही दर वाऱ्याला हलणारं. त्यानं काचा वर केल्या. फडकं थांबलं, पण आत उकडायला लागलं.

मग पाऊस आला. असा की बॉनेट दिसेना. थोडा ओसरला तेव्हा गवतातून एक सिंहीण उठून वाटेवर आली. मागून दुसरी, मागून पिल्लं. ओल्या गवतात त्यांनाही बसवत नाही. गाडीच्या पुढं, अंग झटकून, निवांत पडल्या.

बराच वेळ गेला. मागं चुळबुळ सुरू झाली. शेवटी म्हातारी बोलली, पण लुतायाशी नाही.

“ए सिंहीणबाई, तुला बरं हाय गं. तुला कुठंबी बसता येतं.”

लुतायाला कळलं. तो स्टिअरिंगला म्हणाला, “गाडे, मागं सैपाकाचं मोठं पातेलं असतं म्हणावं. झाकणासकट.”

“सिंहीणबाई, त्या गाडीला सांग, कान झाकून घे म्हणावं.”

लुतायानं काय करावं? त्यानं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दोन्ही सिंहिणी ताडकन उठल्या, पिल्लं पांगली. एक बॉनेटपर्यंत आली आणि काचेतून लुतायाकडं बघत राहिली. हॉर्न सोडावा तर मागचं ऐकू येणार, न सोडावा तर ही आत येणार. त्यानं सोडला नाही. मागं झाकण खणकन बसलेलं हॉर्नवरूनही ऐकू आलं तेव्हाच हात काढला.

“झालं म्हणावं,” म्हातारी म्हणाली. “गावभर दवंडी पिटायची गरज नव्हती.”

लुताया हसला. लगेच दचकला. सासूच्या बोलण्यावर हसणं कशात मोडतं?

तेवढ्यात पाणी आलं. चर भरला होता आणि डाव्या दारातून चिखल आत वाहत होता. गाडी अंगाखाली आणखी सरकली.

“सिंहीणबाई, माझे पाय भिजले.”

“गाडे, उजवीकडं सरका म्हणावं.”

“सरकले. सीटबी भिजली. आता पाणी मांडीला हाय.”

डावं दार चरात रुतलेलं. उजवं उघडलं तर बाहेर सिंहिणी. कोरडी जागा एकच, पुढची, लुतायाच्या शेजारची. दोघंही हे न बोलता समजले.

लेसो हलला. म्हातारी दोन सीटांमधून येऊ लागली. कमरेपर्यंत आली आणि अडकली. अंगानं भरलेली बाई, त्यात भिजलेला झगा, आणि गाडी मागं कललेली. लुताया खिडकीला चिकटून डोळे मिटून बसला होता.

“माझ्या कमरेच्या पट्ट्याचं टोक धर,” ती म्हणाली. आता बोलण्यात मधे सिंहीण नव्हती. “कापडाला धर, मला नको.”

त्यानं डोळे मिटूनच चाचपलं, रेशमी टोक सापडलं, ओढलं. सगळा पट्टा सुटून त्याच्या मांडीवर आला आणि म्हातारी मागं घसरली. पाण्यात आपटल्याचा आवाज. ती ओरडली नाही. नुसती एकदा म्हणाली, “अगं आई.”

लुतायानं डोळे उघडले, मागं वळला, तिच्या काखांत दोन्ही हात घातले आणि ओढलं. भिजलेलं पोतं ओढावं तसं ओढलं. ती पुढच्या सीटवर येऊन आदळली. तोंड तोंडासमोर. त्यानं बघितलं तेव्हा कळलं, त्याच्या बायकोचं, नामुलीचं, नाक तिच्याकडून आलंय.

म्हातारीनं फडकं तोंडावर घेतलं. काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. पुढं ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत दोघं तसे बसले, एकमेकांना न बघता, आणि हलले नाहीत.

ट्रॅक्टर दिसला तशी ती फडक्याआडून म्हणाली, “सेम्पालाला सांगायचं न्हाई. नामुलीलाबी न्हाई.”

“तुम्ही पुढं कशा आलात म्हणून विचारंल तो.”

“उडी मारली म्हणते. तू डोळे मिटले होतेस.”

सेम्पालानं खरंच विचारलं. “आई, तू उडी मारलीस? ह्या वयात?”

“समोर सिंहीण बसली की तुझा मेलेला आजाबी उडी मारंल. पहिलं ते पातेलं ओत जा. उघडून बघू नको.”

सांगितलं असतं तर भाऊबंद निवाड्याला बसले असते, गोष्ट मालकापर्यंत गेली असती. मालक आमच्या गांडांतलाच. ज्याचे हात जाणार त्याच्या हातात त्यानं किल्ली ठेवली नसती. आणि म्हातारीला गावानं तोंड वर काढू दिलं नसतं.

मला लुतायानं सांगितलं ते मी विचारलं म्हणून. परत आल्यापासून तो इंजिनात तेल ओतताना नरसाळं लावत नव्हता. डबा उंच धरायचा, बारीक धार सोडायचा आणि धार थरथरते का ते डोळ्यांची पापणी न हलवता बघायचा. थेंब बाहेर पडला तर दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. “असं का करतोस?” म्हटलं तर आधी माझ्यावर खेकसला. मग सांगितलं.

सेम्पाला कॅनडाला परत निघाला तेव्हा सासरी जेवण होतं. लुतायानं मला सोबत नेलं, एकट्याला जायची हिंमत नव्हती. आम्ही ओसरीवर चटईवर बसलो. नामुलीनं चहा आणून ठेवला. कप काठोकाठ भरलेला होता. लुतायानं तो उचलला, ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला.

भिंतीआडून आवाज आला. “भरून दिलाय मुद्दाम. सांडला का?”

लुतायानं बशीत बघितलं. “न्हाई, मामी.”

मला वाटलं, झालं. पण लुतायाच भिंतीकडं मान वळवून म्हणाला, “आणि तुमचा?”

“नामुली,” आतून म्हातारी म्हणाली, “माझी ही बशी बदल गं. चहानं भरलीय.”

लुतायानं कप सरकवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. जेवायला बोलावलं तरी काढले नाहीत.