दिवे लावण्याआधीचा खोकला

शनिवारी सकाळी आठला हाडांच्या विभागात कॉन्फरन्स भरते. अटेंडंट नत्थूजी साडेसातला येऊन खोली उघडतात, खुर्च्या लावतात, पडदा खाली ओढतात. पहिल्या रांगेत विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, आणि बाकीचे सर बसतात, मागे रेसिडेंट डॉक्टर. पडद्यावर एक्स-रे आला की नत्थूजी दिवे घालवतात आणि मागच्या दोन रांगा झोपी जातात. छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर माणूस अंधारात झोपतो, यात ज्ञानाचा काही अपमान नाही. दिवे लावण्याआधी नत्थूजी एकदा खोकतात. तेवढ्यात माना सरळ होतात. एकतीस वर्षांत त्यांना खोकल्याचा आजार मात्र कधी झाला नाही.

बाकीचे दिवस ते प्लास्टर रूममध्ये असतात. देवळीच्या पहिल्या बसने येतात, बादलीत पाणी भरतात, पट्ट्या कापून ठेवतात. मोडलेला हात ते धरतात, ओढतात, बसवतात. मग रेसिडेंट आपल्या वहीत लिहितो, ‘स्वतः केले’, आणि मोठे सर खाली सही करतात. यात कोणी कोणाला फसवत नाही. सगळ्यांनाच माहीत आहे.

प्लास्टर रूमची फरशी कायम ओली असते. येणाऱ्या प्रत्येकाला नत्थूजी बजावतात, “पाहून चाला जी, घसराल.” गेल्या जुलैत एका शुक्रवारी दुपारी ते स्वतःच घसरले. उजवा हात टेकला आणि मनगट काट्याचमच्यातल्या काट्यासारखं वाकडं झालं. एक्स-रे काढायच्या आधीच त्यांनी स्वतःचं निदान केलं होतं.

पहिल्या वर्षाच्या डॉक्टर वर्षालीने कच्ची पट्टी बांधली, हात गळ्यात अडकवला. ती समुद्रपूरची. डॉक्टरांमध्ये नत्थूजींशी घरच्या बोलीत बोलणारी ती एकटीच.

“नत्थूजी, सुट्टी घ्या ना आता.”

“उद्या शनिवार हाय मॅडम. खुर्च्या कोण लावन?”

जाता जाता ते ऑफिसात हात मोडल्याचा अर्ज द्यायला गेले. तिथले अण्णाजी मनापासून चांगले गृहस्थ. म्हणाले, “टेन्शन नका घेऊ. मनगट नाई वळलं त गेटवर बसा. स्टूल देतो, रजिस्टर देतो. रिटायर व्हाले तीन वर्षं राह्यले, आरामात निंगून जातीन.” नत्थूजींनी त्या स्टुलाकडे पाहिलं. ते अण्णाजींच्या टेबलामागे रिकामंच होतं, जणू आधीपासून वाट पाहत.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या त्यांनी डाव्या हाताने लावल्या. केस सांगायला शेवटच्या वर्षाचा डॉक्टर धीरज उभा राहिला. कॉन्फरन्समध्ये रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, असा रिवाज आहे. धीरजला तर ते नाव ठाऊकही नव्हतं; एक्स-रे त्याने कॉम्प्युटरवरून नुसत्या नंबराने उचलला होता.

“सत्तावन्न वर्षांचा पुरुष, कामाचा हात उजवा, व्यवसाय मजुरी.”

नत्थूजींनी दिवे घालवले. पडद्यावर त्यांचं मनगट भिंतीएवढं झालं.

चाळीस मिनिटं त्यावर चर्चा झाली. एका सरांच्या मते मजुराला हाताची ताकद लागते, म्हणून ऑपरेशन करून प्लेट बसवावी. दुसऱ्या सरांच्या मते या वयात मजूर आणखी किती दिवस मजुरी करणार, प्लास्टर पुरे. कोणीतरी स्वीडनमधल्या चारशे मनगटांचा दाखला दिला. ती चारशे मनगटं नीट वळत होती म्हणे. नत्थूजी भिंतीला टेकून ऐकत होते. मागे वळून कोणी पाहिलं नाही. पडदा पुढे होता.

शेवटी रिवाजाप्रमाणे मोठ्या सरांनी हात वर करायला सांगितलं. प्लेटसाठी सहा हात. प्लास्टरसाठीही सहाच. मग दाराजवळून, जरा उशिराने, एक डावा हात वर गेला.

“सात,” मोठे सर म्हणाले. अंधारात हातावर पदवी लिहिलेली नसते. “प्लास्टर. नत्थूजींना सांगा.” आणि ते राऊंडला निघून गेले.

धीरज मागे आला. “नत्थूजी, त्या मनगटवाल्याला टेबलावर घ्या.”

“घेतो साहेब. पन प्लास्टर तुमाले करा लागन.”

“का?”

नत्थूजींनी गळ्यातला हात दाखवला.

अशाच मोडक्या मनगटावर धीरजने बेचाळीस स्लाइडचा सेमिनार दिला होता, त्याला बक्षीसही मिळालं होतं. वहीत अशी साठ मनगटं ‘स्वतः केले’ होती. तो खाली फरशीकडे पाहत म्हणाला, “वर्षाली, तू ओढ. मी कोपर धरतो.”

प्लास्टर रूममध्ये तिने इंजेक्शन देऊन जागा बधिर केली, अंगठा आणि बोटं धरली.

“ओढा मॅडम.”

“दुखून राह्यलं का?”

“दुखनं माह्या जवळ राहू द्या. तुमी ओढा. अजून. काऊन थांबल्या? ओढ ना पोरी!”

तिने ओढलं. आत काहीतरी सरकलं. ते दोघांनाही कळलं, धीरजला कळलं नाही.

“आता खाली वळवा. करंगळीकडे. हां. पट्टी तळहातानं दाबा, बोटं नका रुतवू, खड्डे पडते.”

प्लास्टर गरम होत गेलं, घट्ट झालं. तेव्हा कुठे नत्थूजींनी डोळे मिटले.

पुढच्या शनिवारी नवा एक्स-रे पडद्यावर आला. हाड जिथल्या तिथे होतं. मोठे सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “सुंदर. पहा, याला म्हणतात नत्थूजींचा हात.” एका अर्थी ते खरंच होतं.

सहा आठवडे ते प्लास्टर रूममध्ये येऊन बसत. वर्षाली आल्या पेशंटचा हात ओढायची आणि ते बाजूने सांगायचे: अजून, थोडं कमी, आता सोडा. तिच्या वहीतली वाक्यं खरी होऊ लागली. प्लास्टर कापलं तेव्हा मनगट वळलं, आधी कुरकुरत, मग महिनाभरात पूर्ण. अण्णाजींना ते दोन्ही हातांनी नमस्कार करून आले. स्टूल दुसऱ्या कोणाला तरी गेलं.

हात पुन्हा कामाला लागल्यानंतरचा तो पहिला शनिवार. सिंदीच्या एका म्हातारीचं मनगट पडद्यावर होतं, तसंच वाकलेलं. चर्चा झाली, स्वीडन झालं, हात वर झाले. प्लास्टर.

“नत्थूजींना सांगा,” मोठे सर म्हणाले.

नत्थूजींनी अंधारात उजवं मनगट एकदा वळवून पाहिलं.

“सर, मी करते,” वर्षाली म्हणाली.

“तुला येतं?”

“येतं सर.”

मोठ्या सरांनी मान हलवली. “कर मग. नत्थूजी कोपर धरतील.”

बटण नत्थूजींच्या बोटाखाली होतं. त्यांनी ते दाबलं. उजेड लख्ख पडला आणि मोठे सर मागे वळले. शेवटच्या दोन रांगा तोंड उघडून झोपल्या होत्या, सर्वांत पुढे धीरज. त्या दिवशी नत्थूजी खोकले नव्हते.