डावा हात आणि बाबांची भुवई

रविवारी सकाळी मी परळला गेले होते ती गोल्फला रामराम ठोकायला... आणि भलतंच झालं.

सेहेचाळिसाव्या वर्षी मला हे खूळ लागलं. जुन्या गिरणीच्या आवारात आता जाळी लावून गोल्फ शिकवतात. हिरवा गालिचा, त्यावर पांढराशुभ्र चेंडू, वरून येणारं तिरपं ऊन... तिथे उभं राहिलं की स्वप्नात असल्यासारखं वाटतं. म्हणजे, चेंडू मारेपर्यंत!

सहा महिने सर एकच सांगत होते. स्टिक मागे नेताना डावा हात लांब राहू द्या, हातांनी उचलू नका, खांदे वळवा. मला सगळं पाठ. आरशासमोर रिकाम्या हातांनी छान जमायचंही... पण स्टिक हातात आली की कोपर मुडपलंच.

शेवटी ठरवलं, बास झालं. आपला खेळच नव्हे हा. बाबा म्हणाले, सोडायच्या आधी मला एकदा दाखव तरी. एकोणऐंशी वर्षांचे माझे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कौतुकाने माझ्या मागेच उभे राहिले. सरांनी त्यांना चार पावलं मागे घेतलं.

पाच चेंडू मारले, पाचही रांगत गेले. सरांनी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवलं... स्टिक संथपणे मागे जातेय आणि मध्येच माझा हात अंग चोरून घेतोय. मला रडूच यायला लागलं.

बाबा मात्र त्या स्क्रीनकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, ही तर आपली फणसवाडीची गॅलरी!"

आणि मला एकदम सगळं दिसलं... चाळीतली अरुंद गॅलरी, दहा वर्षांची मी, मागे खुर्चीत पेपर वाचणारे बाबा. सिक्सर मारायची म्हणून मी बॅट जोरात मागे नेली आणि ती त्यांच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले. बाबा एका शब्दाने रागावले नाहीत, पण मी पुन्हा कधी हात मोकळा मागे नेला नाही.

बाबा सावकाश चालत पार भिंतीपाशी गेले. तिथल्या खुर्चीत बसले आणि ओरडले, "मी इथे आहे गं! आता फिरव बिनधास्त!"

मी श्वास घेतला. खांदे वळले... डावा हात लांब, आणखी लांब... मागे नुसती हवा. आणि टक्क! असा आवाज आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या चेंडूचा ऐकला होता.

चेंडू कुठे गेला ते पाहिलंच नाही. आधी वळून बाबांकडे पाहिलं... ते भुवईवरून बोट फिरवत हसत होते.

परतताना टॅक्सीत मी छत्तीस वर्षांनी त्यांना सॉरी म्हटलं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते राहू दे. पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"