लेबलावरची मालकीण

ती आजी आजही डोळ्यांपुढे उभी राहते आणि माझी मान खाली जाते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात फौजदार होतो. नवी पेठेत एक द्राक्षासव फार खपायचं. बाटलीवर वैराग गावच्या एका आजीचा फोटो, खाली 'आजीच्या हातचं'. अशक्त माणसं, बाळंतिणी ते डोळे मिटून पीत. एका आठवड्यात ते पिऊन चौघं इस्पितळात गेली. खबऱ्या म्हणाला, "साहेब, आसव कसलं, स्पिरिट विकतायत!" परवाना पाहिला. मालकीण आजी, शेजारी तिचा अंगठा. झालं! मी जीप पाठवून तिला उचलून आणलं. दिवसभर ती ठाण्यातल्या बाकावर बसून होती, पाणीही प्यायली नाही.

"आजी, परवाना तुमचा. कबूल करून टाका."

"अंगठा माजा हाय की, सायेब. नवी पेठेतल्या शेटनं घेतला. म्हनला, तुजं नाव लई मोटं करतो." जप्त बाटली तिनं हुंगली. "पर ह्यो माल माजा न्हाय. ह्यात आसव आंबवायचं धायटीचं फूल न्हाय. माजं मडकं म्हैनाभर ज्वारीच्या राशीत पुरल्यालं आसतंय."

हे खोटं बोलणाऱ्याचं बोलणं नव्हतं. मी शेठजींना गाठलं.

"कागद बघा साहेब, मालकीण ती. मी नुसता विकणारा." साळसूदपणा तरी किती!

मी दोन पंच बोलावले. "ठीक. मग गोदामाची किल्ली आजींना द्या. त्यांचा माल त्या आत्ता गटारात ओततील."

"असं कसं? माझा माल आहे तो!"

पंचांनी ऐकलं, मी पंचनाम्यात लिहिलं. गोदामात स्पिरिटची पिंपं आणि लेबलांचे गठ्ठे सापडले. शेठजी कोठडीत गेले.

"आजी, सुटलात. चला, घरी सोडतो."

"घरी मागनं. ती आजारी मानसं कुटं हायती? माज्या नावावर इस्वास ठिवून प्याली की ती."

इस्पितळात ती प्रत्येक खाटेपुढे हात जोडून उभी राहिली. एका बाळंतिणीनं तोंड फिरवलं. आजी तिच्या पायाशी बसली, ती वळेपर्यंत उठली नाही.

त्यानंतर कागदावर कुणाचंही नाव दिसलं की मी आधी शोधायचो, नफा कुणाच्या घरी जातो आणि शिव्या कुणाच्या वाट्याला येतात.

इस्पितळातून तिला घरी सोडताना, वैरागच्या वाटेवर जीपमध्ये मी तिची माफी मागितली. फौजदार असून मला रडू आलं.

"आसू दे लेकरा," ती म्हणाली, "तू बी कागदच वाचलास की."