आमची ढाल कुठे गेली

पुणे स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी मी दोनदा खाली उतरले. एकदा पाण्याची बाटली घ्यायला आणि दुसऱ्यांदा घरी परत जायला. दुसऱ्या वेळी समोरच्या बर्थवरचे गृहस्थ म्हणाले, "आजी, आता काय राहिलं?" "काही नाही, पाय मोकळे करते," म्हणून मी पुन्हा चढले. सत्तरी उलटलेल्या बाईला पळून जायचं असेल, तर निदान तिची बॅग तरी मोकळी हवी. माझी सीटखाली साखळीने बांधलेली होती, आणि कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते मला आठवत नव्हतं. तेवढ्याच कारणाने मी इंदूरला पोहोचले.

घाबरण्याचं मूळ म्हणजे सईचा फोन. सई माझ्या मुलीची मुलगी. मी ज्या कॉलेजात शिकले तिथेच शिकते आणि खो-खोच्या संघाची कप्तान आहे. माहेर इंदूरचं, मुलगी दिली तीही इंदूरला, त्यामुळे ही परंपरा आपोआपच चालत आली. सई म्हणाली, "आजी, येत्या गुरुवारी हरलो ना, तो टीम बंद. प्रिन्सिपल मॅडमनी लिहून दिलंय. ग्राउंडवर नवीन बिल्डिंग येणार. तू आ जा ना यार! मुलींना सांग, तुम्ही लोकं कशा जिंकायच्या."

आम्ही जिंकायचो हे खरंच. विद्यापीठाची ढाल आमच्या कॉलेजातून बाहेर जायचीच नाही. दरवर्षी फक्त पुसून पुन्हा त्याच खिळ्याला लावायची. त्या ढालीशेजारी माझा फोटो अजून आहे म्हणे. दोन वेण्या, वर केलेली हनुवटी, आणि इंदूर शहर आपण वसवलं असा चेहरा. आता ते कॉलेज दुसऱ्या फेरीतच घरी येतं. असं का झालं, हे त्या पोरींना माझ्याकडून ऐकायचं होतं. आणि मला भीती होती की मला ते माहीत आहे.

इंदूरला सकाळी उतरले तेव्हा कडाक्याची थंडी होती. स्टेशनबाहेरचा रस्ता इतका झाडलेला की शेंगदाण्याचं टरफल टाकायचीही हिंमत होईना. ते मी मुठीत धरून रिक्षात बसले. रिक्षावाला गप्पिष्ट निघाला. "राजेंद्र नगर? बैठो माताजी. घूमने आए?"

"नहीं भिया (भाऊ), खो-खो देखने आई हूँ."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. कॉलेजचं नाव सांगताच म्हणाला, "अरे, वो तो एक ज़माने में शेरनियाँ थीं! अब क्या है ना, मोबाइल ने सबके पाँव खा लिए." मला एकदम हलकं वाटलं. मोबाइल! छान कारण आहे. मोबाइल आला तेव्हा मी इंदुरात नव्हते, म्हणजे माझा काही संबंध नाही.

घरी जावयांनी दुसरं कारण दिलं. "आई, आता सगळी पोरं कोचिंगला जातात. आणि आपल्या मराठी मुली तर बारावी झाली की पुण्यालाच पळतात." मी मान डोलावली. तेही चाललं असतं.

दुपारी सईने मला राजवाड्याला नेलं, का तर आजीचा मूड ठीक करायचा होता. गर्दी तीच, हॉर्न तेच. फक्त मी पूर्वी गर्दीत घुसायचे आणि आता गर्दी माझ्यात घुसत होती. एका ठेल्यावर पोहे घेतले. पोह्यांवर शेव, आणि शेवेवर जीरावन (भुरभुरायचा मसाला). 'जरा जास्त घाला,' म्हणाले, कारण माहेरची पोर ना मी! नेमका तेव्हाच मागून एक स्कूटर वाजली, मी दचकले आणि सगळं जीरावन नाकात गेलं. सलग शिंका. शाल पिवळी. ठेलेवाला म्हणाला, "पुणेवाली दादी को तीखा लग गया." मला! ज्या मुलीने एकेकाळी पैजेवर कोरडं जीरावन चमच्याने खाल्लं होतं आणि मग सगळी शाळा बुडवली होती, तिला!

सई हसली, पण तिची प्लेट तशीच होती. "आजी, हरलो ना तर मुली मलाच बोलणार. फोटोत तू आहेस आणि बंद माझ्या टायमाला."

संध्याकाळी मैदानावर गेलो. अर्ध्या मैदानात स्टाफच्या गाड्या उभ्या होत्या. खेळाच्या मॅडम वर्षावर्षाच्या नेमणुकीवर, शिवाय त्यांच्याकडे परीक्षेचंही काम. त्या म्हणाल्या, "मैदान नाही, वेळ नाही, खो-खो आता मॅटवर गेला आणि आमच्याकडे मॅट नाही. जिंकणार कशा, तुम्हीच सांगा?" आता माझ्याकडे मोबाइल, कोचिंग, पुणे आणि मॅट अशी चार कारणं जमली होती. मुलींना हीच चार सांगायची आणि शुक्रवारची गाडी पकडायची, असं मी ठरवलं.

मग सराव सुरू झाला.

खो-खो ज्यांनी नुसता लांबून पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. दोन खांबांच्या मधल्या रेषेवर आठ जणी चौकोनांत बसतात आणि नववी समोरच्या संघातल्या मुलींचा पाठलाग करते. तिला वाटेल तेव्हा ती बसलेल्या एकीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणते. मग ती उठून पळते, आणि ही तिच्या जागी बसते. खो कोणाला द्यायचा, हे शिकवणारे सर ठरवत नाहीत, पाठलाग करणारी ठरवते.

चौथ्या चौकोनात एक सडपातळ, काळीसावळी मुलगी बसली होती. धनुष्य ताणल्यासारखी, एक पाय मागे, बोटं मातीत. पंधरा मिनिटं झाली. तिच्या डाव्या बाजूच्या मुलीला खो मिळाला, उजव्या बाजूच्या मुलीला मिळाला. तिच्या पाठीमागून सगळ्या धावत गेल्या, पण हात कोणी ठेवला नाही. मी सईला जवळ बोलावलं.

"सई, ती चौथी कोण गं?"

"सुनीता? झाबुआची आहे, गावाकडची. होस्टेलची. मॅडमनी घातली टीममध्ये." सई माझ्या कानाशी आली आणि हसली. "तिचा आम्ही गणपती बसवलाय. तूच तर शिकवलंस!"

गणपती बसवणे. हा आमचा शब्द. आमच्या वेळच्या मुलींनी काढलेला, आणि मी घरी इतक्यांदा हसतहसत सांगितलेला की नातीने तो उचलला. मधोमध बसवायचं, भोवती सगळ्यांनी पळायचं, हात कोणी लावायचा नाही. आम्ही बसवलेल्या मुलीचं नाव कौशल्या. उज्जैनकडच्या खेड्यातली, मालवी बोलणारी. चाचणीच्या दिवशी तिने मला, म्हणजे कप्तानाला, तिसऱ्या पावलाला बाद केलं होतं. आमच्या खेळाच्या सरांनी तिला लगेच संघात घेतलं. सरांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी मुलींना सांगितलं, 'बसू दे तिला.' वर्षभर बसली. आठ जणींनी आम्ही ढाल जिंकली आणि फोटोत मी हनुवटी वर केली. पुढच्या वर्षी ती आली नाही. तिच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या मुलीही हळूहळू यायच्या बंद झाल्या. आम्हाला वाटलं, बरं झालं, आपलं आपलं राहिलं.

हे सगळं त्या क्षणी सईला सांगायला हवं होतं. आणि मी काय केलं? मी हसले. नात माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर जाईल याची मला भीती वाटली. सरावानंतर मुली गोल करून बसल्या तेव्हा मी त्यांना खारीक, शेंगदाणे आणि पहाटे उठण्याचं महत्त्व सांगितलं. सुनीता सगळ्यात मागे बसून मन लावून ऐकत होती. ते मला सगळ्यात जड गेलं.

गुरुवारी सामना लालबागच्या बाजूच्या एका मैदानावर होता. समोरचा संघ गेली काही वर्षं सगळ्यांना हरवतो आहे. त्यांच्या मुली चपळ, आणि शांत. आमच्या मुलींची तोंडं मात्र इंजेक्शनच्या रांगेत उभं राहिल्यासारखी. पहिला डाव संपला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो, आणि सुनीताला खो मिळाला नव्हता.

मध्यंतरात मी चहाच्या टेबलाकडे वळले आणि एका बाईंना धडकले. पांढरे केस, सुती साडी, पायांत बूट. त्यांनी माझा चहा सांडू न देता कप धरला. तिसऱ्या पावलाला हात पोहोचावा, तसा पोहोचला तो.

"कप्तान सा'ब," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "कौशल्या..." मग म्हणाले, "तुम यहाँ?"

"म्हारी छोरियाँ (माझ्या मुली) खेल रही हैं." तिने समोरच्या संघाकडे बोट दाखवलं. शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. इतकी वर्षं रोज संध्याकाळी इंदुरातच, आपल्या वस्तीतल्या मोकळ्या जागेत मुलींना शिकवते आहे. त्याच मुली पुढे या समोरच्या संघाच्या कॉलेजात जातात.

"इतना सब... कहाँ सीखा?" मी विचारलं. बावळटपणाने, पण मनापासून.

"आपके यहाँ," ती म्हणाली. "साल भर बीच मैदान में बिठाया था ना. उससे अच्छी जगह से खेल किसने देखा होगा?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिने आमच्या मुलींकडे पाहिलं. "एक बात बोलूँ? वो चौथे नंबर वाली. मैं पूरे टाइम डर रही थी, कहीं कोई उसको खो न दे दे."

एवढं बोलून ती कप माझ्या हातात देऊन निघून गेली.

दुसऱ्या डावाला पाच मिनिटं होती. मैदानाची चुन्याची रेघ ओलांडून मी सईकडे गेले. पंचांनी शिट्टी मारली, "माताजी, बाहर!" मी थांबले नाही. सगळ्या मुली ऐकत होत्या, सुनीताही. मी सांगितलं. कौशल्याचं नाव, तिसरं पाऊल, वर्षभर बसवणं, सगळं. "मी तिला खेळू दिलं नाही, कारण ती माझ्यापेक्षा चांगली होती. आणि ते मी तुम्हाला गंमत म्हणून शिकवलं."

सईने माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या नजरेला मी भीत होते ती नजर खरंच गेली. ती एवढंच म्हणाली, "आजी, तू बाहेर जाऊन बस."

दुसऱ्या डावात सई पाठलागावर होती. समोरची मुलगी चौथ्या चौकोनाशी वळली आणि सईने सुनीताच्या पाठीवर हात ठेवला. "खो!"

सुनीता उठलीच नाही.

तिला खरंच वाटलं नाही की हे आपल्याला आहे. तिने मान वळवून मागे पाहिलं. तेवढ्यात धावणारी खांबापलीकडे निसटली. प्रेक्षकांत कोणी तरी हसलं. माझ्या मनात आलं, आता सई चिडणार आणि पुन्हा सगळं तसंच होणार. पण सई वळसा घालून आली, पुन्हा त्याच पाठीवर हात, आणि ओरडली, "सुनीता, खो! तुलाच! उठ ना!"

ती उठली. नंतरची मिनिटं मी डोळे अर्धे मिटून पाहिली. एक बाद, दुसरी बाद, खांबाशी झेप घेऊन तिसरी. आमच्या मुली ओरडत होत्या. गुण जवळ येत गेले, आणि शिट्टी वाजली. एका गुणाने हरलो. बहुधा पहिल्या खोला निसटलेल्या मुलीचाच तो गुण.

खेळाच्या मॅडमनी संघ बंद करायचा कागद काढला नाही. काढायची गरजही नव्हती, सगळ्यांना पाठ होता. सुनीता रडत होती. "मैं उठी क्यों नहीं, मैं उठी क्यों नहीं." सई तिला धरून बसली होती. मी त्यांच्याजवळ गेले नाही.

शुक्रवारी सई मला स्टेशनवर सोडायला आली. तिने बॅग वर ठेवली, साखळी लावली, किल्ली माझ्या पर्समध्ये घातली. आणि मग विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुझीच."

ती हसली नाही. वाकून नमस्कार केला. पण तो आजी म्हणून केला, कप्तान म्हणून नाही, हे मला कळलं. गाडी हलली.

पुण्यात येऊन आता महिना झाला. आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, इंदूर कसं वाटलं. मी सांगते, स्वच्छ आहे. पोहे चांगले मिळतात. जीरावन जपून घ्या. कोणी खो-खोचं विचारलं तर पूर्वी मोबाइलवर आणि मॅटवर ढकललं असतं. आता खरं ते सांगते. सांगताना अजून जीभ अडखळते. ढाल कोणी चोरली नाही. आम्हीच ती खिळ्याला लावून ठेवली आणि घ्यायला येणाऱ्या मुलींकडे पाठ केली.

काल सईचा फोन आला, जाऊन आल्यानंतरचा पहिला. संघ बंद झाला. सुनीता आणि ती, आणि अजून सहा जणी, आता रोज संध्याकाळी दोन रिक्षा करून कौशल्याच्या मैदानावर जातात.

"कौशल्या मॅडमच्या इथे एक रूल आहे, आजी. रोजचा पहिला खो सगळ्यात नवीन मुलीला. मला मिळाला ना, तो एक सेकंद मी पण उठलेच नाही..." ती थांबली. मग माझ्यावर रुसण्याआधीचा तो खट्याळ आवाज आला. "त्या विचारत होत्या, तू कधी येतेस? म्हणाल्या, तुम्हारी नानी हमारे यहाँ नई है."

मी फोन ठेवला. आज सकाळी इंदूरचं तिकीट काढलं. आणि कालपासून, दार लावून घेऊन, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, पलंगाचा आधार घेत मी जमिनीवर उकिडवी बसते आणि न धरता उठायचा सराव करते.